जत्रेचे फोटो तारखेप्रमाणे लावा. मोबाईलवरच एका कमांडमध्ये शेकडो फायलींची नावं बदलतात

वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा 8 सप्टेंबरच्या सुमारास आठवडाभर चालते. घरातले तिघं-चौघं जातात, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये शंभरेक फोटो जमतात. मग सगळे एका फोल्डरमध्ये टाकले की गोंधळ होतो. दोन फोनमध्ये एकाच नावाची फाईल असली आणि कॉपी करताना 'रिप्लेस' दाबलं गेलं, तर एक फोटो कायमचा जातो. लग्नाचे, बारशाचे फोटोही असेच हरवतात.

फोटोच्या पोटात तारीख असते

कॅमेरा फोटो काढतानाच फाईलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागाही लिहून ठेवतो. याला मेटाडेटा म्हणतात. फिल हार्वे यांनी बनवलेलं 'एक्झिफटूल' हे मोफत साधन ही माहिती वाचून त्यावरून फाईलला नाव देतं.

काय करायचं?

1. अँड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइडवरून 'टर्मक्स' ॲप घ्या. त्यात 'पीकेजी इन्स्टॉल एक्झिफटूल' आणि नंतर 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' असं टाइप करा. परवानगी विचारली की द्या.

2. सगळ्या फोटोंची कॉपी 'जत्रा' नावाच्या नव्या फोल्डरमध्ये काढा. एकेका फोनचे फोटो आधी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे सारख्या नावांची टक्कर होणार नाही. मूळ फोटोंना हात लावू नका.

3. आधी चाचणी घ्या:

एक्झिफटूल -डी "%वाय-%एम-%डी_%एच%एम%एस%%-सी.%%ई" "-टेस्टनेम<डेटटाइमओरिजिनल" स्टोरेज/शेअर्ड/जत्रा

कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आहे, इथे उच्चार दिले आहेत. फोल्डरचं नावही इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता ठेवा. टक्क्यानंतरच्या अक्षरांत लहान-मोठ्याचा फरक पडतो. वाय, एच, एस आणि दुसरा एम मोठ्या लिपीत, बाकी लहान. लहान एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिट. इथे चूक झाली तर महिन्याच्या जागी मिनिट येतं.

4. चाचणीत फक्त जुनं आणि नवं नाव दिसतं, बदल काहीच होत नाही. नावं बरोबर वाटली तर 'टेस्टनेम'च्या जागी 'फाईलनेम' लिहून कमांड पुन्हा चालवा. नाव 2024-09-10_184512 असं होतं. एकाच सेकंदाचे दोन फोटो असतील तर 'सी'मुळे दुसऱ्याला -1 लागतं. फोल्डरच्या आत आणखी फोल्डर असतील तर कमांडमध्ये -आर जोडा.

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो

व्हॉट्सॲप साध्या फोटोतला मेटाडेटा काढून टाकतं, त्यामुळे एक्झिफटूल त्यांना वगळतं. फाईलच्या नावातली तारीखही फोटो काढल्याची असेलच असं नाही. म्हणून नातेवाइकांना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मात्र अशा फाईलमध्ये घराचं लोकेशनही जातं, हे ध्यानात ठेवा. अनोळखी माणसाला तसा फोटो देऊ नका.

व्हिडिओची वेळ मागे का दिसते?

बऱ्याच फोनमधल्या व्हिडिओत वेळ भारतीय नसून जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे साडेपाच तास मागे. 10 तारखेला पहाटे 5 ला घेतलेला व्हिडिओ 9 तारखेच्या रात्री 11:30 चा दिसतो. व्हिडिओसाठी 'डेटटाइमओरिजिनल'ऐवजी 'क्रिएटडेट' लिहा आणि कमांडमध्ये '-एपीआय क्विकटाइमयूटीसी' जोडा.

नाव म्हणजे पुरावा नव्हे

फाईलचं नाव कुणीही बदलू शकतं. पीक नुकसानीचे किंवा जमिनीच्या वादाचे फोटो असतील तर मूळ फाईल तशीच जपून ठेवा आणि नाव फक्त कॉपीला द्या. अशा वेळी फोटो कधी काढला हे लगेच सापडणं महत्त्वाचं. फोनचं घड्याळही आपोआप वेळेवर ठेवा. ते चुकलं तर नावंही चुकतील.