ज्ञानोदय (नियतकालिक)

ज्ञानोदय हे अमेरिकन मराठी मिशनने जून १८४२ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे सुरू केलेले मराठी ख्रिस्ती नियतकालिक होय. रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक. प्रारंभी मासिक, नंतर पाक्षिक आणि १८७३ पासून साप्ताहिक, अशी त्याची स्थित्यंतरे झाली. मराठीत सर्वांत दीर्घकाळ निघत राहिलेल्या नियतकालिकांत त्याची गणना होते. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता. तरीही मराठी निबंध, वादविवादाचे गद्य, बातमीलेखन आणि दलित साहित्य यांचा आरंभ शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाला ज्ञानोदयाच्या जुन्या फायली चाळाव्याच लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १९१२ ते १९१९ या काळात त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते.

पार्श्वभूमी

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला प्रथम ते नकोच होते. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण त्याच वर्षी झाले आणि मिशनऱ्यांना दार मोकळे झाले. १८१६-१७ च्या सुमारास मिशनने मुंबईत स्वतःचा छापखाना उभारला. या छापखान्याचा इतिहास मराठी मुद्रणाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. तेथे टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांना वळण दिले. पुढे स्वतःचा छापखाना काढून मुद्रित पंचांग घरोघर पोचविणारे गणपत कृष्णाजी तेथेच हे काम शिकले. निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी यांनीही कोवळ्या वयात त्याच छापखान्यात टाइप घासण्याचे काम केले. पोथ्या-पुराणांच्या निर्णयसागर आवृत्त्यांची देखणी अक्षरे पाहताना त्यांच्या वंशवृक्षाची एक मुळी अशी मिशनच्या छापखान्यात रुजलेली आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे ठाणे घातले. तोवर मराठी वृत्तपत्राचा जन्म व्हायचा होता. तो झाला ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’ने. बाळशास्त्रींचे गाव पोंभुर्ले. तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यापासून त्या जिल्ह्यात मोडते. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले. त्याच वर्षी बाळशास्त्रींचे ‘दिग्दर्शन’ मासिक आणि १८४१ मध्ये भाऊ महाजन यांचे ‘प्रभाकर’ सुरू झाले. म्हणजे ज्ञानोदय निघाले तेव्हा मराठीत वाचकवर्ग नुकता आकार घेत होता आणि त्या वर्गाची लेखणी प्रामुख्याने सुधारणेच्छू पण हिंदुधर्मनिष्ठ अशा शास्त्रीमंडळींच्या हाती होती. मुंबईतील स्कॉटिश मिशनऱ्यांचे १८३० पासूनचे नियतकालिक इंग्रजीत होते. मराठीत वाद घालायचा तर मराठी पत्र हवे, हे नगरच्या मिशनऱ्यांनी ओळखले.

स्वरूप

दोन-तीन वर्षांतच ज्ञानोदयाचे बिऱ्हाड नगरहून मुंबईस हलले. मराठी मजकुराच्या जोडीला इंग्रजी मजकूर असे. धर्मविषयक लेखांबरोबर भूगोल, खगोल, इतिहास, प्राणिसृष्टी यांवरील माहिती आणि देशोदेशीच्या बातम्या येत. ग्रहण कसे लागते, पृथ्वी कशी फिरते हे समजावून देणारा मजकूर निरुपद्रवी वाटतो. पण त्याचा रोख बहुधा पुराणातील विश्वरचनेवर असे, आणि वाचकांना ते चांगले उमगत होते. लेखांसोबत लाकडी ठशांची चित्रे छापण्याचा पहिला मान मराठी पत्रांत वृत्तपत्रांच्या इतिहासकारांनी ज्ञानोदयाला दिला आहे.

भाषेबद्दल थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. मिशनरी मंडळी मराठी शिकत ती पंडितांकडून आणि बोलत ती खेड्यापाड्यांतून. परिणामी प्रारंभीच्या अंकांतील गद्य कुठे संस्कृतप्रचुर, कुठे अगदी बोलभाषेचे, तर कुठे इंग्रजी वाक्यरचनेच्या वळणाने वाकडे झालेले आढळते. ‘मिशनरी मराठी’ म्हणून पुढे तिची चेष्टा झाली आणि ती अगदीच अस्थानी होती असे म्हणवत नाही. परंतु याच गद्यात बाप्तिस्मा, पाळक, मंडळी, उपासना, शुभवर्तमान या शब्दांना प्रॉटेस्टंट मराठीत आज असलेले अर्थ स्थिर झाले. कॅथलिक परंपरेने आपले वेगळे शब्द वापरले. बाप्तिस्म्यास स्नानसंस्कार म्हणणारे आणि येशूला जेजू म्हणणारे वसईकर ख्रिस्ती हे नगरच्या मंडळीतील ख्रिस्ती जनांहून वेगळ्या शब्दसृष्टीत वावरत होते. ज्ञानोदयाच्या विरामचिन्हांनी युक्त आणि परिच्छेद पाडलेल्या छापील मजकुराने मोडी वाचण्यास सरावलेल्या डोळ्यांना बाळबोध वाचनाची सवय लावण्यासही हातभार लावला.

वाद आणि प्रतिवाद

ज्ञानोदय जेमतेम वर्षाचे झाले असताना मुंबईत शेषाद्री बंधूंचे प्रकरण उद्भवले. थोरले नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत अज्ञान असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावे की नाही, यावर ब्राह्मणसमाज दुभंगला. बाळशास्त्री मुलास परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. धर्मांतर हा त्या दशकातला वर्तमानपत्री वादाचा विषय का झाला, हे या एका प्रकरणावरून कळते. घराघरांतली शिकलेली मुले त्यात गुंतलेली होती.

मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर देण्यासाठी नियतकालिके निघू लागली. मोरभट दांडेकर यांची ‘उपदेशचंद्रिका’ १८४४ मधली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचे ‘विचारलहरी’ १८५२ मधले. मिशनऱ्यांच्या लेखनाचा समाचार घेणे हे त्याचे एक प्रयोजनच होते. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला; तो जॉर्ज बोवेन यांनी पुस्तकरूपाने छापला. या सर्व काळात ज्ञानोदयाचा सूर पुष्कळदा उपरोधाचा आणि कधी तुच्छतेचा असे. मूर्तिपूजा, पुराणकथा, क्षेत्रस्थाने यांवर त्याने जे लिहिले त्यातले बरेच आज वाचताना अनुदार वाटते. दुसऱ्या बाजूचे काही लेखनही तसेच आहे. मराठीला मात्र या भांडणाचा लाभ झाला. पूर्वपक्ष मांडावा, प्रतिपक्षाचे वाक्य उद्धृत करून त्याचे खंडन करावे, पुढील अंकी उत्तराची वाट पाहावी, ही शास्त्रार्थाची जुनी रीत या पत्रांनी संस्कृतातून उचलून छापील मराठी गद्यात आणली. ‘निबंधमाले’च्या विष्णुशास्त्र्यांना ती घरातूनच मिळाली होती.

मुक्ताबाईंचा निबंध

ज्ञानोदयाने छापलेल्या मजकुरांपैकी आज सर्वांत अधिक वाचला जाणारा मजकूर कोण्या मिशनऱ्याचा नाही. तो पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा आहे. ‘मांग महारांच्या दुःखाविषयीं’ हा तिचा निबंध १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. ती तेव्हा सुमारे चौदा वर्षांची होती.

निबंधाचा युक्तिवाद सरळ आहे आणि म्हणूनच जबर आहे. वेद हे ब्राह्मणांचेच, इतरांनी ते पाहूही नयेत, असे असेल तर आम्ही धर्मपुस्तकावाचून राहिलेली माणसे ठरतो. मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे, असा प्रश्न ती विचारते. वाड्यांच्या पायांत माणसे पुरल्याच्या, पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्याच्या वाट्यास आलेल्या शिक्षेच्या हकिकती ती सांगते. त्याहून अधिक बोचते ते तिने केलेले बाळंतिणींचे वर्णन: डोक्यावर छप्पर नसलेल्या, थंडीपावसात प्रसवणाऱ्या स्त्रियांची दुःखे ती स्वजातीयांच्या अनुभवावरून मांडते. शेवटी ती आपल्याच समाजाकडे वळून शिकण्याचा आग्रह धरते.

हा निबंध मिशनच्या पत्रात का आला, याचा उलगडा कठीण नाही. मिशनला हिंदू समाजव्यवस्थेवर ठेवता येईल असे बोट हवे होते, आणि मुक्ताचा निबंध ते होता. पण तो वाचणाऱ्याला लगेच जाणवते की मुक्ता मिशनचे म्हणणे पढवून बोलत नाही. धर्मपुस्तकाविषयीची तिची तक्रार तिच्या स्वतःच्या ठिकाणावरून आलेली आहे. पत्र कोणाचे आणि आवाज कोणाचा, हे येथे अलग करता येते. फुले यांचा मिशनशी असलेला संबंधही तितकाच गुंतागुंतीचा होता. नगरला मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती आणि मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा त्यातून मिळाल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. मिशनचा धर्म मात्र त्यांनी स्वीकारला नाही. मराठी स्त्रीलेखन आणि दलित साहित्य यांचा इतिहास सांगताना मुक्ताचा निबंध आज आरंभीच घेतला जातो, आणि त्यामुळे १८५५ चे ते दोन अंक ज्ञानोदयाच्या वर्षानुवर्षांच्या साऱ्या धर्मचर्चेपेक्षा अधिक हाताळले जातात.

टिळकांचा काळ

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नाशिक, नागपूर असा पुष्कळ प्रवास करून १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस अमेरिकन मिशनच्या देवळात बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांना हा आघात होता. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि नंतर स्वेच्छेने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी त्या काळाची जी हकिकत दिली आहे, तिची सर कोणत्याही चरित्राला येणार नाही.

१९१२ मध्ये टिळक ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादक झाले. मराठीतील प्रतिष्ठित कवी तोवर त्या पत्राचा संपादक नव्हता. टिळक ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ख्यात होते. नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे यांच्यासारखा तरुण काही काळ राहून गेला होता. त्यांच्या येण्याने पत्राच्या भाषेची खोड मोडली. ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामांच्या पुलावरून आलो असे ते सांगत, आणि त्यांच्या लेखनात ते खरेच दिसते: वारकरी अभंगाचा छंद, कीर्तनाचे निरूपण, आर्ततेचे शब्द ख्रिस्ती आशयास मिळाले. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती गीतांना देशी चाली दिल्या होत्या आणि बॅलंटाइन यांनी पाश्चात्त्य चालींवर मराठी गीते बेतली होती. ओढाताण न करता मराठी वाटेल अशी ख्रिस्ती भक्तिकविता मात्र टिळकांचीच.

संपादक म्हणून त्यांची कसोटी दुसऱ्याच ठिकाणी लागली. ख्रिस्ती मंडळी परदेशी मिशनवर किती काळ अवलंबून राहणार, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करी. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत यासाठी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. मिशनच्या पत्राचा संपादक मिशनचा पगार नाकारतो आणि तरी संपादकपदी राहतो, ही स्थिती दोन्ही पक्षांना सोपी नसणार. ती मिशनने दोन वर्षे चालू दिली, ही गोष्ट त्याच्या पदरी टाकली पाहिजे. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांचे पुत्र देवदत्त नारायण टिळक यांनीही पुढे ज्ञानोदयाचे संपादन केले.

कोकणात ज्ञानोदयाचा उल्लेख झालाच तर तो टिळकांच्या निमित्ताने होतो. टिळकांचे बहुतेक कार्य नगर, नाशिक, मुंबई व सातारा येथे घडले. करजगावशी त्यांचा संबंध बालपणापुरता होता, हे लक्षात घेऊन हा अभिमान बाळगावा.

इतर ख्रिस्ती नियतकालिके

अमेरिकन मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक १८७३ मध्ये सुरू केले. टिळकांचा त्याच्याशीही संबंध होता. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी हे या परंपरेतील आणखी एक पत्रकार, त्यांची ‘सत्यदीपिका’ उल्लेखनीय आहे. कॅथलिक बाजूने नगर जिल्ह्यातील केंदळ येथून जर्मन येशूसंघीय धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मासिक काढले. वसई धर्मप्रांतातील ‘सुवार्ता’ हे मासिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादकत्वाखाली (१९८३-२००७) चर्चच्या भिंतीबाहेर वाचले गेले. वसईतील हरित पट्टा वाचविण्याच्या चळवळीत दिब्रिटो अग्रभागी होते. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.