कर्नलमधील टास्कचा शोध : डीबगरच्या साहाय्यक स्क्रिप्टची वाटचाल

प्रस्तावना :
संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम अचानक कोसळते तेव्हा घडलेल्या प्रसंगाचा एकच साक्षीदार मागे उरतो, तो म्हणजे मेमरीची प्रत. कोणते टास्क चालू होते, कोणते कशासाठी थांबले होते, याची उत्तरे तिच्यात असतात. परंतु ती केवळ अंकांच्या रूपात. या अंकांचा अर्थ लावण्यासाठी डीबगरला छोट्या साहाय्यक स्क्रिप्टची जोड द्यावी लागते. संगणकाच्या इतिहासात यंत्रे, भाषा आणि कंपन्या यांची नोंद विपुल झाली. या स्क्रिप्टची मात्र क्वचितच. प्रस्तुत लेखात युनिक्स व लिनक्स यांच्या संदर्भात त्यांच्या विकासाचा आढावा घेतला आहे. कर्नलची रचना बदलते आणि तिचे वर्णन करणारे साधन मागे राहते, हा या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

अंतरे हाताने लिहिण्याचा काळ :
बेल लॅब्जमधून १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीव्ह बोर्न यांनी लिहिलेला एडीबी हा डीबगर होता. त्या आवृत्तीत सर्व प्रोसेसची नोंद ठरावीक लांबीच्या एका सारणीत असे. पुढे १९८३ मध्ये ४.२ बीएसडी ही आवृत्ती आली. एडीबीच्या साहाय्याने युनिक्सचे कर्नल कसे तपासावे, याविषयी सॅम्युएल लेफ्लर व बिल जॉय यांनी बर्कली येथे एक मार्गदर्शिका लिहिली. कर्नलमधील रचना वाचनीय स्वरूपात छापणाऱ्या स्क्रिप्टची पद्धत तिच्यात मांडलेली आढळते.

या पद्धतीची मर्यादा मूलभूत होती. एडीबीला सी भाषेतील रचनांचे ज्ञान नव्हते. एखादा घटक रचनेच्या आरंभापासून किती बाइट अंतरावर आहे, हे स्क्रिप्टमध्येच गृहीत धरावे लागे. कर्नलच्या लेखकाने रचनेच्या मध्यभागी एक नवा घटक घातला की त्यानंतरची सर्व अंतरे सरकत. जुनी स्क्रिप्ट तरीही निमूटपणे चालत राही आणि योग्य शीर्षकाखाली चुकीचे मूल्य छापी. बंद पडलेले साधन निदान सावध तरी करते. चुकीची साक्ष देणारे साधन तपास भलत्याच दिशेला नेते. यावर उपाय म्हणून सनओएसमध्ये एडीबीजेन हे साधन आले. ते रचनांच्या व्याख्यांवरून अंतरे स्वतः काढून स्क्रिप्ट तयार करी. सोलारिस ८ मध्ये (२०००) एमडीबी हा नवा डीबगर आला आणि प्रोसेसची यादी देण्यासारखी कामे त्याच्या मोड्यूलकडे गेली.

लिनक्समधील साखळी :
लिनक्समध्ये प्रत्येक टास्कची एक स्वतंत्र रचना असते आणि या रचना परस्परांना वर्तुळाकार साखळीने जोडलेल्या असतात. जपमाळेशी तिची तुलना करता येईल. आरंभीचे टास्क हा तिचा मेरुमणी. तेथून निघावे, एकेक मणी ओढावा आणि पुन्हा मेरुमणी आला की थांबावे. अडचण अशी की साखळीचा दुवा रचनेच्या आरंभाशी नसून तिच्या पोटात असतो. म्हणून प्रत्येक वेळी तेवढे अंतर वजा करून रचनेचा मूळ पत्ता काढावा लागतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये निर्माण केलेला जीडीबी हा डीबगर कंपायलरने दिलेल्या माहितीवरून हे अंतर स्वतः काढू शकतो. तथापि लिनक्सच्या कर्नलमध्ये डीबगरला सहज प्रवेश मिळाला नाही. आपल्याला डीबगर आवडत नाहीत, अशी भूमिका लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००० मध्ये स्पष्टपणे मांडली होती. विकासकांनी कोडचा अर्थ नीट समजून विचार करावा, हा त्यामागील आग्रह होता. परिणामी केजीडीबी ही सुविधा कित्येक वर्षे मूळ कर्नलबाहेर जोपासली गेली. या कामात अमित काळे आणि पुण्यातील लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज ही कंपनी यांचा वाटा होता. केजीडीबीच्या मूळ कोडमधील स्वामित्वहक्काच्या नोंदींत दोघांचीही नावे आढळतात. अखेर जुलै २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबीचा समावेश झाला.

दरम्यान २००५ मध्ये केडम्पची सोय आली व तिच्या दस्तऐवजांसोबत जीडीबीचे काही मॅक्रो देण्यात आले. सर्व टास्कचे स्टॅक छापणे हे त्यांचे प्रमुख कार्य. पुढे कर्नलमधील रचना बदलल्या, ६४-बिट यंत्रे रूढ झाली आणि या मॅक्रोंची दुरुस्ती करावी लागली. रेड हॅटमधील डेव्हिड अँडरसन यांनी विकसित केलेल्या क्रॅश या साधनाने जीडीबीला आपल्या पोटात घेऊन हेच काम अधिक व्यापकपणे केले.

पायथनचे आगमन :
ऑक्टोबर २००९ मधील जीडीबी ७.० या आवृत्तीत पायथन भाषेत स्क्रिप्ट लिहिण्याची सोय झाली. तिचा आधार घेऊन सीमेन्समधील यान किश्का यांनी तयार केलेल्या साहाय्यक स्क्रिप्ट एप्रिल २०१५ मधील लिनक्स ४.० मध्ये दाखल झाल्या. क्रमांकावरून टास्क शोधणे, चालू टास्क दाखवणे, मोड्यूलची चिन्हे भरणे आणि कर्नलच्या संदेशांची नोंद वाचणे ही कामे त्यामुळे सुलभ झाली. पुढे टास्कची यादी देणारी एलएक्स-पीएस ही आज्ञाही आली. तंत्रापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की या स्क्रिप्ट कर्नलच्याच कोडसोबत राहू लागल्या. वर्ण्य वस्तू आणि तिचे वर्णन एका छपराखाली आले.

तथापि सहवासाने प्रश्न पूर्णतः सुटला नाही. २०२३ मध्ये टास्कच्या रचनेतील थ्रेड-ग्रुप हा दुवा काढून टाकण्यात आला. एलएक्स-पीएस त्याच दुव्यावर विसंबून होती. ती आरंभीचे टास्क छापून, असा घटक अस्तित्वात नाही, असे सांगत थांबू लागली. सिग्नलच्या रचनेतील थ्रेडच्या यादीवरून फिरण्याची दुरुस्ती त्यानंतर करण्यात आली. येथे चार दशकांतील प्रगती दिसते, तशीच तिची सीमाही. एडीबीच्या काळातील स्क्रिप्ट चुकीचे उत्तर देत राहिली असती; नव्या स्क्रिप्टने उत्तर देण्याचे नाकारले. मात्र घटकाचे अंतर यंत्र काढू शकते; कोणत्या दुव्यावरून चालायचे, हे अजूनही माणसालाच सांगावे लागते.

समारोप :
वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, साहाय्यक स्क्रिप्ट ही कर्नलच्या रचनेविषयीच्या ज्ञानाची लिखित नोंद आहे. दुसरी, अशी नोंद कर्नलसोबत ठेवणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही; रचनेतील प्रत्येक बदलाबरोबर तिची चाचणीही व्हावयास हवी. तिसरी बाब अध्यापनाशी निगडित आहे. प्रोसेसची यादी आपण फळ्यावर चौकोन व बाण काढून शिकवतो. क्यूईएमयूसारख्या आभासी यंत्रात चालणाऱ्या कर्नलला जीडीबी जोडून तीच साखळी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष ओढता येते, आणि त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली दहा ओळींची स्क्रिप्ट कर्नलच्या पुढील आवृत्तीत अडखळली, तर तेही शिक्षणच होय. आपण जे गृहीत धरले होते ते नेमके कोठे लिहिले होते, हे त्याला तेव्हाच कळते.