क्रूस आणि क्रूसमूर्ती : एका भेदाचा इतिहास

नोकरीधंद्याच्या निमित्ताने आम्ही मराठी माणसे ज्या ज्या शहरांत स्थायिक झालो, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी लष्करी छावणीच्या भागात दोन जुनी चर्चे दिसतात. एकात वेदीवर क्रूस व त्यावर खिळलेल्या येशूची मूर्ती. दुसऱ्यात नुसता क्रूस, क्वचित् तोही नाही. पहिले रोमन कॅथलिकांचे, दुसरे प्रॉटेस्टंटांचे, एवढे आम्ही ओळखतो; पण हा भेद पडला कसा, याची चौकशी सहसा करीत नाही. मूर्ती असावी की नसावी, हा वाद १८६७ साली प्रार्थनासमाज स्थापन करणाऱ्यांच्या महाराष्ट्राला तरी परका वाटू नये.

वादाचे मूळ बायबलातील दहा आज्ञांत आहे. कोरीव मूर्ती करू नको, या वचनाला कॅथलिक पहिल्याच आज्ञेचा भाग मानतात. मार्टिन ल्यूथरनेही तीच मोजणी ठेवली. त्स्विंगली व कॅल्व्हिन यांच्या पंथांनी मात्र तिला स्वतंत्र दुसरी आज्ञा मानले. आकड्याचा हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु त्यापायी माणसांचे प्राण गेले आहेत.

स्वित्झर्लंडमधील झ्यूरिक शहराच्या वेशीबाहेर श्टाडेलहोफेन येथे एक मोठा लाकडी क्रूस होता. १५२३ च्या शरद ऋतूत क्लाउस होटिंगर नावाच्या एका चांभाराने साथीदारांसह तो उपटून पाडला. लाकूड विकून येणारा पैसा गोरगरिबांना द्यावा, असा त्याचा बेत होता. देवाची प्रतिमा म्हणून जपलेल्या लाकडापेक्षा भुकेला मनुष्य हीच देवाची खरी प्रतिमा, असा या सुधारकांचा युक्तिवाद असे. नगरसभेने त्याला कैद करून हद्दपार केले. पुढे कॅथलिक ल्यूसर्नच्या हाती तो सापडला आणि १५२४ साली तेथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झ्यूरिकच्या नगरसभेने स्वतःच चर्चमधील मूर्ती काढण्याचा हुकूम दिला. दारे आतून लावून सुतार-गवंड्यांनी ते काम केले आणि रंगीत भिंतींवर चुना फासला. ज्या कृत्यासाठी होटिंगरला शहर सोडावे लागले, तेच कृत्य काही महिन्यांत सरकारी काम ठरले!

ल्यूथरची वृत्ती निराळी. विटेनबर्गमध्ये मूर्तिभंजनाची लाट उठताच १५२२ च्या मार्चमध्ये तो परतला व लागोपाठ प्रवचने करून त्याने लोकांना आवरले. मूर्तीची पूजा नको, पण ती पाहून स्मरण होत असेल तर बिघडले कोठे, असे त्याचे म्हणणे. तेथील नगरचर्चमध्ये १५४७ सालचे क्रानाखचे वेदीचित्र आहे. त्यात व्यासपीठावरून ल्यूथर बोट दाखवितो आहे आणि समोर श्रोते व त्याच्यामध्ये क्रूसावरचा येशू आहे. त्यामुळे 'प्रॉटेस्टंटांचा क्रूस रिकामा' हे सरसकट विधान खरे नव्हे. ल्यूथरपंथीयांकडे क्रूसमूर्ती आजही आढळते.

इंग्लंडात एलिझाबेथ राणीने बिशपांची नाराजी पत्करूनही आपल्या खाजगी प्रार्थनागृहात क्रूस ठेवला होता. पुढे प्यूरिटनांचा जोर झाला आणि मे १६४३ मध्ये लंडनमधील चीपसाइडचा तेराव्या शतकातला क्रूस पाडण्यात आला.

येशूचे पुनरुत्थान झाले म्हणून क्रूस रिकामा, हे स्पष्टीकरण आज सर्वत्र ऐकू येते. ते सुंदर आहे. पण आमच्या मते ते मागाहून सुचलेले असावे. सोळाव्या शतकातील भांडण पुनरुत्थानाचे नव्हते, मूर्तीचे होते. कॅथलिकांना पुनरुत्थान काही कमी मान्य नाही. मूर्तीतून ते बलिदानाचे स्मरण करतात, कारण त्यांच्या मिस्सा-विधीचा गाभाच ते बलिदान आहे.

आपल्या प्रदेशात हे दोन्ही प्रवाह निरनिराळ्या वाटांनी आले. १८१३ साली मुंबईत व १८३१ साली अहमदनगरास आलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या प्यूरिटन परंपरेतले. तिकडच्या जुन्या प्रार्थनागृहांच्या शिखरावर क्रूस नसे, वारा दाखविणारा कोंबडा असे. वसईत मात्र पोर्तुगीज १५३४ पासून होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तरी तेथील कॅथलिक समाज आपल्या गावी आपल्या श्रद्धेसह टिकून राहिला. मुंबईत वांद्रे व गिरगावची खोताची वाडी येथे रस्त्याकडेला क्रूस उभे आहेत. वांद्र्यातील काही १८९६ च्या प्लेगच्या साथीत, रोग टळावा म्हणून लोकांनी उभारले. त्यांच्यापुढे अजून मेणबत्त्या लागतात, आणि झेंडूच्या माळाही पडतात.