मज्जातंतूच्या भिंतीतील दारे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ येथे सागरी जीवशास्त्राची एक प्रयोगशाळा आहे. सन १९३९ च्या उन्हाळ्यात तेथे दोन तरुण संशोधक माकुळाच्या मज्जातंतूत पाऱ्याचे थेंब सोडीत बसले होते. ॲलन हॉज्किन तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि अँड्र्यू हक्सले अवघे एकवीस वर्षांचे. थेंब किती वेगाने खाली उतरतो हे पाहून तंतूच्या पोटातील द्रव किती दाट आहे ते ठरवावे, असा त्यांचा बेत होता. थेंब मुळी उतरेनाच. आतला पदार्थ द्रव नसून खिरवटासारखा थिजलेला निघाला. प्रयोग फसला खरा, पण उभ्या टांगलेल्या तंतूच्या पोटात बारीक काचनळी सरळ खाली सोडता येईल, हे त्या फसण्यातूनच ध्यानात आले. मग पाऱ्याच्या जागी विद्युताग्र आत गेले.

माकूळच का, हे सांगितले पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर जाळ्यात सापडणाऱ्या माकुळाचाच हा एक युरोपीय भाऊबंद. शत्रू दिसताच अंगातील पाणी जोराने फेकून तो मागे उसळी घेतो, आणि त्या उसळीचा हुकूम झटपट पोहोचावा म्हणून निसर्गाने त्याला जाडजूड तंतू दिलेला आहे. हा तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये त्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. माणसाच्या तंतूत नळी घालणे ही तेव्हा कल्पनेतलीही गोष्ट नव्हती.

विद्युताग्राने जे दाखविले ते अनपेक्षित होते. तंतू स्वस्थ असताना त्याचा आतला भाग बाहेरच्या मानाने ऋण असतो, हे ठाऊक होते. जर्मन शास्त्रज्ञ युलियस बर्नस्टाईन यांनी १९०२ मध्ये त्याचे कारणही सुचविले होते. स्वस्थ तंतूचे आवरण केवळ पोटॅशियमच्या आयनांना वाट देते; संदेश येताच ते क्षणभर सर्वांनाच मोकळे होते आणि दाबातील फरक नाहीसा होतो, असे त्यांचे मत होते. मत खरे असते, तर दाब शून्यावर येऊन थांबावयास हवा होता. तो थांबला नाही. तो शून्य ओलांडून सुमारे ४० मिलिव्होल्ट पलीकडे गेला. आतली बाजू क्षणभर धन झाली. सर्वच दारे सताड उघडली असती तर असे घडते ना. कोणते तरी एक दार निवडून उघडत होते.

कोणते, हे शोधण्यास सवड मिळाली नाही. सप्टेंबरात युद्ध सुरू झाले. हॉज्किन विमानांसाठी रडार तयार करण्याच्या कामात गुंतले, हक्सले तोफांच्या नेमबाजीच्या गणितात, आणि प्लिमथची प्रयोगशाळाही बाँबच्या माऱ्यातून सुटली नाही. त्या उन्हाळ्याची हकिकत एका त्रोटक टिपणाच्या रूपाने छापली गेली, एवढेच.

युद्ध संपल्यावर हॉज्किन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी तंतूभोवतीच्या पाण्यातील सोडियम कमी करून पाहिले. सोडियम जितके कमी, तितकी दाबाची उसळी ठेंगणी. म्हणजे उघडणारे दार सोडियमचे होते. पण दार कसे उघडते हे पाहण्यात एक मोठी अडचण होती. दाब बदलला की दारे उघडतात, आणि दारे उघडली की दाब बदलतो. कारण आणि कार्य एकमेकांची शेपटी धरून फिरत राहतात. या चक्रात खुंटी ठोकण्याची युक्ती अमेरिकेत केनेथ कोल यांनी १९४७ मध्ये साधली. बाहेरून प्रवाह पुरवून दाब एका ठिकाणी जखडून ठेवावयाचा आणि तो तसा राखण्यास किती प्रवाह लागतो ते मोजावयाचे. प्लिमथला १९४९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये याच रीतीने जी मोजमापे झाली, त्यांतून दोन दारांचा स्वभाव निराळा काढता आला. सोडियमचे दार चटकन उघडते आणि दाब तसाच ठेवला तरीही एखाद्या सहस्रांश सेकंदात आपण होऊन मिटते. पोटॅशियमचे दार सावकाश उघडते आणि तंतूला मूळ स्थितीवर आणते.

यापुढचा भाग निव्वळ चिकाटीचा आहे. प्रत्येक सोडियमच्या दारामागे तीन कण उघडणारे व एक मिटणारा, पोटॅशियमच्या दारामागे चार कण, असे कल्पून हॉज्किन व हक्सले यांनी समीकरणे मांडली. ती सोडविण्यासाठी केंब्रिजच्या विद्युत्-गणकयंत्राचा भरवसा होता. पण यंत्रात सुधारणा चाललेल्या असल्याने ते काही महिने बंद होते. तेव्हा हक्सले हाताने दांडा फिरवावयाचे ब्रुन्सव्हिगा यंत्र घेऊन बसले. तंतूवरून धावणाऱ्या एका संदेशाचे गणित सुटण्यास सुमारे तीन आठवडे लागले. तो संदेश प्रत्यक्षात संपतो काही सहस्रांश सेकंदांत! उत्तर आले वेग सेकंदाला १८.८ मीटर, प्रयोगात मोजलेला वेग होता २१.२ मीटर. सन १९५२ मध्ये ही निबंधमाला प्रसिद्ध झाली. एवढा मेळ बसला असतानाही, समीकरणे जुळली म्हणून आपली कल्पना सिद्ध झाली असे कोणी समजू नये, असे लेखकांनी स्वतःच बजावून ठेवले. हा संयम त्यांना १९६३ मध्ये जॉन एक्ल्स यांच्यासमवेत मिळालेल्या नोबेल पारितोषिकाहून कमी मोलाचा नव्हे.

कारण ती दारे तोवर कोणी पाहिलेलीच नव्हती. आवरणात खरोखर छिद्रे असतात की आयनांना पाठीवर घेऊन जाणारे कोणी हमाल असतात, याबद्दल पुढे वीसेक वर्षे मतभेद राहिले. फुगणाऱ्या जपानी माशाचे विष केवळ सोडियमची वाट बंद करते, पोटॅशियमच्या वाटेला धक्काही लावीत नाही, हे १९६४ मध्ये दिसले आणि दोन वाटा खऱ्याच वेगळ्या असल्याची खात्री पटली. क्ले आर्मस्ट्राँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तंतूच्या आत प्रथिने कुरतडणारा पदार्थ सोडला, तेव्हा सोडियमचे दार उघडू लागले पण मिटेनासे झाले. मिटणारा भाग आतल्या बाजूस लोंबकळत असला पाहिजे आणि तोच कुरतडला गेला असला पाहिजे. साखळीला बांधलेला गोळा उघड्या दारात येऊन बसतो, असे चित्र त्यांनी रेखाटले. फळमाशीच्या पोटॅशियमच्या वाटेत ते १९९० मध्ये अक्षरशः खरे ठरले. प्रथिनाचे टोक कापले की मिटणे थांबे, आणि तोच तुकडा सुटा आणून घातला की पुन्हा सुरू होई. सोडियमच्या वाटेत मात्र साखळीपेक्षा बिजागरीचे झाकण अधिक शोभते असे पुढे आढळले.

एकेका दाराची उघडझाप प्रथम टिपली ती गटिंगनला, १९७६ मध्ये. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर अतिसूक्ष्म काचनळीचे तोंड टेकविले आणि तेवढ्याच टिकलीतून जाणारा प्रवाह मोजला. अँपिअरचा लाख कोटीवा भाग म्हणजे एक एकक धरले, तर तो प्रवाह अशा दोनचार एककांचा होता. आलेखात डौलदार वळणे नव्हती. प्रवाह एकाएकी सुरू होई, काही काळ सारखा राही आणि एकाएकी थांबे. दार एकतर मिटलेले, नाहीतर पुरते उघडे. एखादे दार केव्हा उघडेल हे नक्की सांगता येत नाही. केवळ संभव सांगता येतो. हॉज्किन-हक्सले यांची गुळगुळीत वक्ररेषा ही अशा असंख्य लहरी दारांची बेरीज होती.

राहता राहिला रचनेचा प्रश्न. पोटॅशियमचा आयन सोडियमहून मोठा. मग मोठ्याला वाट आणि लहानाला मज्जाव, हे कसे? रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या पोटॅशियम-वाहिनीचे क्ष-किरण चित्र मिळविले. वाटेच्या अरुंद भागात प्राणवायूच्या अणूंची कडी अशा अंतरावर बसलेली आहेत की पाण्याचे वेष्टण टाकून आलेला पोटॅशियम त्यांत नेमका मावतो. सोडियम त्यांत सैल पडतो. अंगावरचे पाणी सोडण्याचा खर्च त्याला भरून मिळत नाही. वाहिनी चार सारख्या घटकांची बनलेली होती. मज्जातंतूतील वाहिन्यांत अशा प्रत्येक घटकाला दाब ओळखणारा एक धनभारित दांडा असतो. आतला ऋणपणा ओसरला की तो बाहेरच्या बाजूस सरकतो आणि दार ओढून उघडतो. पोटॅशियमच्या दारामागे चार कण कल्पिले होते. दांडेही चारच निघाले.

हे चित्र एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हॉज्किन यांचे निधन झाले. मॅकिनन यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा तो दांडा नेमका किती सरकतो यावर प्रयोगशाळांत कडाक्याचा वाद पेटलेला होता, आणि तो ऐकण्यास हक्सले हयात होते. ते वारले २०१२ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी.