स्पोर्ट्स कारच्या चाकांची खड्ड्यांमुळे होणारी हानी

स्पोर्ट्स कारच्या चाकांची खड्ड्यांमुळे होणारी हानी म्हणजे रस्त्यावरील खड्डे, खचलेली झाकणे, उखडलेल्या कडा व तत्सम दोषांवर आदळल्यामुळे या प्रकारच्या मोटारींच्या रिम, टायर आणि चाकाशी निगडित भागांना पोहोचणारी इजा होय. रिम वाकणे, तिला तडा जाणे, टायरच्या बाजूच्या भिंतीतील धागे तुटणे आणि चाकांची जुळणी बिघडणे ही तिची प्रमुख रूपे आहेत. असा आघात कोणत्याही वाहनास होऊ शकतो. परंतु मोठ्या व्यासाची रिम व कमी उंचीचे टायर यांमुळे स्पोर्ट्स कारमध्ये त्याचे प्रमाण व तीव्रता अधिक असते. यांतील सर्वांत धोकादायक हानी बहुधा बाहेरून दिसत नाही. त्यामुळे आघातानंतर चाक उतरवून तपासणे हा अशा हानीच्या हाताळणीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

पार्श्वभूमी

फ्रान्समध्ये १९२४ साली सादर झालेल्या बुगाटी टाइप ३५ या शर्यतीच्या मोटारीस आठ सपाट आऱ्यांची ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती. तारांच्या आऱ्यांच्या चाकांना पर्याय म्हणून हलक्या धातूंची चाके पुढे शर्यतींत आणि नंतर रस्त्यावरील वेगवान मोटारींत रुळली. पोर्श ९११ एस या मोटारीसाठी १९६६ साली जर्मनीतील ओट्टो फुक्स या कंपनीची घडीव ॲल्युमिनियम मिश्रधातूची चाके वापरात आली. कर्बतंतूंपासून बनविलेली चाके २०१५ साली फोर्डच्या शेल्बी जीटी३५०आर या मोटारीबरोबर कारखान्यातूनच मिळू लागली.

या काळात चाकाचे वजन घटत गेले, तर व्यास वाढत गेला. मोठ्या व्यासामुळे मोठ्या ब्रेक-तबकड्यांना जागा मिळते, आणि टायरची भिंत बुटकी असल्याने वळणावर ती कमी लवचते व सुकाणूला चटकन प्रतिसाद मिळतो. १९६६ च्या ९११ एस मोटारीची रिम १५ इंच व्यासाची होती आणि तिच्या टायरच्या भिंतीची उंची सुमारे १३० मिलिमीटर होती. २०१९ साली बाजारात आलेल्या ९११ कॅरेरा एस या मोटारीच्या पुढील रिमचा व्यास २० इंच, तर मागील रिमचा २१ इंच आहे. टायरच्या भिंतीची उंची मात्र पुढे सुमारे ८६ आणि मागे सुमारे ९२ मिलिमीटर एवढीच आहे.

टायरवर छापलेल्या आकड्यांवरून ही उंची काढता येते. '२४५/३५ आर २०' यातील २४५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ३५ हे भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण आणि २० हा रिमचा इंचांतील व्यास होय. २४५ चे ३५ टक्के म्हणजे सुमारे ८६ मिलिमीटर. भारतातील ग्रामीण रस्त्यांवर सर्रास दिसणाऱ्या महिंद्रा बोलेरो या गाडीच्या '२१५/७५ आर १५' टायरसाठी हीच उंची सुमारे १६१ मिलिमीटर येते. रस्ता आणि धातू यांच्यामध्ये हवेची व रबराची उशी किती जाड आहे, हे या आकड्यातून कळते.

आघाताची प्रक्रिया

डांबरी रस्त्याच्या भेगांतून झिरपलेले पाणी खालचा थर भुसभुशीत करते. त्यावरून वाहने गेल्यावर वरचा थर खचतो, त्याचे तुकडे उडतात व खड्डा तयार होतो. थंड प्रदेशांत पाणी गोठून प्रसरण पावल्याने ही क्रिया वेग घेते. महाराष्ट्रात तिला पावसाळा कारणीभूत ठरतो. काळ्या मातीच्या प्रदेशात ओलाव्याने फुगणारी व उन्हाने आकसणारी जमीन रस्त्याचा पाया अस्थिर करते. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली चालकाला दिसत नाही.

चाक खड्ड्यात उतरल्यावर त्याची पलीकडची कड टायरवर आदळते. आघात तीव्र असेल तर टायर त्या जागी पूर्ण दबतो आणि त्याची भिंत रस्त्याची कड व रिमची कड यांच्यामध्ये चिमटली जाते. परिणामी भिंतीतील धागे तुटतात, रिम वाकते किंवा दोन्ही घडते. मोटारीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाल्यास ती चौपट होते. हवा कमी असलेला टायर लवकर दबतो. प्रमाणापेक्षा जास्त हवा असलेला टायर कडक होऊन आघाताचा मोठा वाटा रिमकडे पोहोचवतो. हवा गेल्यावरही काही अंतर चालू शकणाऱ्या टायरच्या भिंती मुद्दाम कडक केलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीतही रिमवर ताण अधिक येतो.

बहुतेक मिश्रधातूच्या चाकांत आरे रिमच्या बाहेरील बाजूजवळ जोडलेले असतात. आतील बाजूच्या कडेला असा आधार नसतो. त्यामुळे वाकणे व तडा जाणे बहुधा आतील कडेला घडते आणि मोटारीबाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीला चाक निर्दोष भासते.

पदार्थानुसार हानीचे स्वरूप

पोलादी चाके जड असतात, पण चिवट असल्याने फुटण्याआधी बऱ्यापैकी वाकतात. ओतीव ॲल्युमिनियमची चाके सामान्यतः सिलिकॉन व मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूची असतात आणि उष्णतेच्या प्रक्रियेने त्यांना बळकटी दिलेली असते. ती पोलादापेक्षा कमी वाकतात व त्यांना तडा लवकर जातो. घडीव चाकांत प्रचंड दाबाखाली धातूची संरचना दाट झालेली असते. म्हणून कमी वजनात अधिक बळकटी मिळते व आघाताने ती फुटण्याऐवजी वाकण्याचा संभव अधिक असतो. मॅग्नेशियम मिश्रधातूची चाके फारच हलकी असतात, परंतु संरक्षक लेप खरवडला गेल्यास लवकर गंजतात. कर्बतंतूंची चाके धातूसारखी वाकून राहत नाहीत. त्यांच्यातील थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि ही इजा डोळ्यांना दिसेलच असे नाही.

आयएसओ ७१४१ या आंतरराष्ट्रीय मानकात हलक्या मिश्रधातूच्या चाकांच्या आघात चाचणीची पद्धत दिलेली आहे. टायर चढविलेले चाक १३ अंशांनी कलते बसवून त्यावर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडले जाते. या वजनाचे किलोग्रॅममधील मूल्य चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पटीत १८० मिळवून काढतात. म्हणजे ६०० किलोग्रॅम भाराच्या चाकासाठी ते ५४० किलोग्रॅम होते. चाकाच्या मध्यभागात आरपार तडा गेल्यास, मध्यभाग रिमपासून सुटल्यास किंवा एका मिनिटात टायरमधील सर्व हवा गेल्यास चाक अनुत्तीर्ण ठरते. वजन आदळते त्या जागी रिमला बाक येणे हे अपयश समजले जात नाही. चाचणी उत्तीर्ण झालेले चाक खड्ड्यात वाकणार नाही, असा तिचा अर्थ होत नाही.

लक्षणे

पुढील चाक वाकल्यास विशिष्ट वेगाला सुकाणूचक्र थरथरते. मागील चाक वाकल्यास कंप आसनात व तळाशी जाणवतो. टायरमधील हवा दर काही दिवसांनी कमी होणे हे रिमला तडा गेल्याचे किंवा टायर व रिम यांतील जोड बिघडल्याचे लक्षण असू शकते. मोटार एका बाजूस ओढली जाणे किंवा सरळ जाताना सुकाणूचक्र तिरके राहणे हे चाकांची जुळणी बिघडल्याचे द्योतक आहे. वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगला इजा झाल्याचे सुचवते. टायरच्या भिंतीवर आलेला फुगा आतील धागे तुटल्याचा पुरावा असून तो आघातानंतर काही काळाने उमटू शकतो.

तात्काळ उपाय

जोरदार आघातानंतर एकदम ब्रेक न दाबता वेग हळूहळू कमी करून, धोक्याचे दिवे लावून मोटार रहदारीपासून दूर व सपाट जागी थांबविणे योग्य ठरते. टायरची भिंत फुगलेली वा कापलेली असल्यास, रिमचा तुकडा निघाला असल्यास किंवा हवा वेगाने जात असल्यास मोटार पुढे चालविणे धोक्याचे असते. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये जादा चाक नसते. त्याऐवजी छिद्र बुजविणारा द्रव व हवेचा छोटा पंप दिलेला असतो. हा द्रव टायरच्या तळव्यातील लहान छिद्रासाठी असतो. फाटलेली भिंत किंवा वाकलेली रिम यांवर त्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी चारही चाके उचलून नेणाऱ्या सपाट पाठीच्या वाहनावरून मोटार हलविणे श्रेयस्कर, कारण या मोटारींचा पुढचा भाग जमिनीपासून अगदी कमी उंचीवर असतो.

तपासणी व दुरुस्ती

कार्यशाळेत टायर उतरवून रिम संतुलन-यंत्रावर फिरवली जाते आणि तबकडीच्या मापकाने तिचे वर-खाली व आजूबाजूला होणारे विचलन मोजले जाते. हवा गळण्याची जागा साबणाच्या पाण्याने सापडते. बारीक तडा शोधण्यासाठी लेप काढून पृष्ठभागावर रंगीत द्रव लावतात. पुसून घेतल्यावर तडा गेलेल्या जागी त्याची रेघ उमटते. टायर आतूनही पाहिला जातो. त्यानंतर चाकांची जुळणी, निलंबनाचे दांडे व बेअरिंग तपासले जातात.

केवळ खरचटलेली रिम घासून व पुन्हा रंगवून पूर्ववत करता येते. कडेला आलेला किरकोळ बाक द्रवदाबाच्या यंत्राने सरळ करता येतो. रिम तापवून सरळ करण्याबाबत मात्र मतभेद आहेत, कारण अनियंत्रित उष्णतेमुळे कारखान्यात दिलेली बळकटी त्या जागी नाहीशी होऊ शकते. वेल्डिंगमध्ये हाच धोका अधिक संभवतो. आरे, मध्यभाग किंवा बोल्टांच्या छिद्रांजवळ तडा गेलेले चाक बदलणे हाच सुरक्षित उपाय मानला जातो. सांधलेला तडा रंगाखाली झाकला गेल्यास पुढील मालकाला त्याची माहिती होत नाही. म्हणून वापरलेली रिम विकत घेतानाही हीच तपासणी आवश्यक असते. भिंत फुगलेला टायर दुरुस्त करता येत नाही. कर्बतंतूंच्या चाकाबाबत उत्पादकाच्या सूचना पाळणे आवश्यक असते.

चाक पुन्हा बसविताना नट वा बोल्ट उत्पादकाने दिलेल्या बलाने, मोजपट्टी असलेल्या पान्याने आवळले जातात. काही स्पोर्ट्स कारमध्ये मध्यभागी एकच मोठा नट असतो व त्यासाठी विशेष हत्यार लागते.

प्रतिबंध

टायरमधील हवा थंड अवस्थेत नियमित मोजणे, पुढील वाहनापासून अंतर राखून रस्ता दिसत राहील असे चालविणे आणि साचलेल्या पाण्यातून वेगाने न जाणे हे मूलभूत उपाय आहेत. खड्डा टाळता येणार नसल्यास आधीच वेग कमी करून प्रत्यक्ष आघाताच्या क्षणी ब्रेक सैल सोडावा, असे सांगितले जाते. ब्रेक दाबलेला असताना मोटारीचा भार पुढील चाकांवर येतो व तेथील निलंबन आधीच दबलेले असते. अचानक बाजूला वळणे इतर वाहनांसाठी धोकादायक ठरते. खराब रस्त्यांच्या प्रदेशात काही मालक उत्पादकाने मान्य केलेली लहान व्यासाची रिम व उंच भिंतीचा टायर बसवतात. टायरचा एकूण व्यास जवळपास तोच राहिल्यास वेगमापक व स्थिरता-नियंत्रण यांवर परिणाम होत नाही.

विमा व कायदेशीर बाजू

भारतातील खासगी मोटारींच्या प्रमाणित सर्वसमावेशक विमापत्रात केवळ टायरचे नुकसान समाविष्ट नसते. त्याच वेळी मोटारीचेही नुकसान झाले असल्यास टायर बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. टायर व रिमसाठी स्वतंत्र पूरक संरक्षण घेता येते.

इंग्लंड व वेल्समध्ये १९८० च्या महामार्ग कायद्याच्या कलम ४१ नुसार सार्वजनिक खर्चाने राखल्या जाणाऱ्या रस्त्यांची देखभाल करणे हे संबंधित प्राधिकरणाचे कर्तव्य आहे व वाहनाच्या हानीसाठी त्याच्याकडे दावा करता येतो. रस्त्याची वाजवी काळजी घेतली होती, असे सिद्ध केल्यास कलम ५८ नुसार प्राधिकरणास बचाव मिळतो. त्यामुळे खड्ड्याचे छायाचित्र, माप, ठिकाण व वेळ यांच्या नोंदींना महत्त्व येते.

भारतात मोटार वाहन कायद्यात २०१९ साली समाविष्ट झालेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल यांचे मानक न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार प्राधिकरण अथवा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या पत्राची २०१३ साली स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली व चांगले रस्ते हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने खड्डे व उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हा आदेश जीवितहानी व शारीरिक इजेसंबंधी आहे; वाहनाच्या हानीची भरपाई त्यात नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ साली देशात खड्ड्यांशी संबंधित ४,४४६ अपघातांत १,८५६ जणांचा मृत्यू झाला. ज्या खड्ड्याने स्पोर्ट्स कारची रिम वाकते, तोच दुचाकीस्वाराला रस्त्यावर फेकू शकतो. त्यामुळे मोटारीच्या मालकाने केलेली खड्ड्याची नोंद व तक्रार केवळ त्याच्या चाकापुरती मर्यादित राहत नाही.

हे सुद्धा पहा

* टायर
* मिश्रधातूचे चाक
* निलंबन प्रणाली
* चाकांची जुळणी
* रस्ते सुरक्षा