स्वस्तात इलेक्ट्रिक स्केटबोर्ड बनवायचाय? मग पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, ते आधी बघा

रील्समध्ये एखादा कार्यकर्ता पाय न टेकवता, फळीवर उभा राहून सुसाट निघून जाताना दिसतो. आपण लगेच किंमत शोधतो, आकडा बघतो आणि गपचूप टॅब बंद करतो. मग यूट्यूब सुचवतं, "घरीच बनवा की!"

तर बनवता येतो. मामला वाटतो तेवढा अवघड नाही. साधा लाँगबोर्ड, एक-दोन बीएलडीसी मोटर, बॅटरी, मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा कंट्रोलर म्हणजेच ईएससी, आणि हातात रिमोट. बस्स.

स्वतः बनवण्याचा एक फायदा पैशांपलीकडचा आहे. कॅलिफोर्नियाच्या बूस्टेड कंपनीने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करून हे बोर्ड गाजवले आणि २०२० मध्ये कंपनीच गुंडाळली. ग्राहकांच्या हातात बोर्ड राहिले, पण दुरुस्ती कोण करणार? स्वतः जोडलेल्या बोर्डाचा प्रत्येक स्क्रू तुम्हाला माहीत असतो.

काटकसर सुरू करा फळीपासून. सेकंडहँड लाँगबोर्ड बिनधास्त घ्या, फक्त तो फार लवचिक नको. फळी वाकली की खाली लावलेल्या बॅटरीचे जोडही वाकतात.

मोटरमध्ये दोन पर्याय. बेल्टवाली मोटर बाहेर बसते, पट्ट्याने चाक फिरवते, पण ती बसवायला माउंट आणि पुली नीट जुळवाव्या लागतात. हब मोटर चाकाच्या आतच असते. पहिल्या बोर्डासाठी माझं मत हब मोटरच्या किटला, कारण त्यात ईएससी आणि रिमोट सहसा जोडीने येतात. तोटा एकच, चाकावर रबराचा थर पातळ असल्याने आपल्या रस्त्यांवर दात वाजतात. परदेशी व्हिडिओंत "अलीएक्सप्रेसवरून मागवा" असं सर्रास सांगतात. भारतात ते ॲप २०२० पासून बंद आहे, त्यामुळे इथला विक्रेता किंवा आयात करून देणारा शोधावा लागतो.

खरा खेळ बॅटरीचा

इथे बहुतेक लोक फसतात. बोर्डात सहसा १८६५० सेल असतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. दहा सेल एका ओळीत जोडले की साधारण ३६ व्होल्ट मिळतात, फुल चार्जला ४२. अशा दोन ओळी समांतर, म्हणजे २० सेल. प्रत्येक सेल २५०० एमएएचचा धरला तर ३६ गुणिले ५, म्हणजे १८० वॅट-अवर. किलोमीटरला १२ वॅट-अवर खर्च धरला तर कागदावर १५ किलोमीटर. चढ, वजन आणि खड्डे धरून १० समजा.

आता ऑनलाइन बाजारात "९८०० एमएएच" लिहिलेले सेल स्वस्तात दिसतील. ते खोटे आहेत. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमताही ३५०० एमएएचच्या आसपासच असते. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून वापरायचा जुगाडही नको. ते हळूहळू करंट द्यायला बनलेले असतात. बोर्ड चढावर एकदम जोर मागतो, तेव्हा ते तापतात, आणि लिथियमची आग पाण्याच्या बादलीने विझत नाही. सेलला थेट सोल्डरिंग आयर्न लावणंही धोक्याचं, त्यासाठी स्पॉट वेल्डिंग लागतं. म्हणून पहिल्या वेळी पॅक स्वतः बनवूच नका. ई-सायकलच्या बॅटरी बनवणाऱ्याकडून ३६ व्होल्टचा पॅक बीएमएससकट करून घ्या. बजेटचा तिसरा हिस्सा यात गेला तरी जाऊ द्या.

ब्रेकचं कोडं

या बोर्डाला सायकलसारखे ब्रेक नसतात. ब्रेक दाबला की मोटरच जनरेटर होते आणि वीज उलट बॅटरीत जाते. पण बॅटरी आधीच फुल असेल तर ती वीज जाणार कुठे? व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ईएससी किंवा बीएमएस हात वर करू शकतो आणि उतारावर ब्रेक गायब! तुमचं घर टेकडीवर असेल तर शंभर टक्के चार्ज करून निघू नका, ९० पुरे.

दुसरी गोष्ट, बीएमएसने जास्त करंट बघून अचानक पुरवठा तोडला तर बोर्ड झटक्यात सुस्त होतो आणि तुम्ही पुढे उडता. म्हणून ईएससीची करंट मर्यादा बीएमएसच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा. ही सेटिंग बदलू देणारा ईएससी हवा. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी केलेलं व्हीईएससी हे डिझाइन ओपन सोर्स आहे, त्यावर बेतलेले कंट्रोलर मिळतात आणि त्यात हे सगळं लॅपटॉपवरून ठरवता येतं.

राहिला कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवरच्या वाहनाला नोंदणीतून मिळणारी सूट २५० वॅटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग अशा अटींवर आहे. बहुतेक किटची ताकद यापेक्षा जास्त असते. त्यामुळे सोसायटीचं आवार, कॉलेजचं मैदान, रिकामा खासगी रस्ता, एवढीच आपली हद्द समजा.

पहिल्या दिवशी ईएससीमध्ये वेगमर्यादा ताशी १५ किलोमीटरवर लावा, हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घाला. पावसात बोर्ड घरातच ठेवा आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.