द्राक्षवेलीने आणलेली बातमी

विश्वासघातावरची गाणी बहुतेक भाषांत आढळतात आणि त्यांत सहसा विश्वासघात करणाऱ्यालाच बोल लावलेला असतो. अमेरिकी गायक मार्व्हिन गे यांच्या 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' या गाण्यातील वेदना मात्र काहीशी निराळी आहे. प्रेयसी आपल्याला सोडून पूर्वीच्या प्रियकराकडे जाणार, हे नायकाला कळते. पण ते तिच्या तोंडून नव्हे, तर लोकांच्या तोंडून.

'ग्रेपव्हाइन' म्हणजे द्राक्षाचा वेल. सॅम्युअल मोर्स यांनी १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर असा तारेने संदेश पाठविला. पुढे तारयंत्राचा प्रसार झाल्यावर, तोंडोतोंडी पसरणाऱ्या बातमीला अमेरिकेत 'द्राक्षवेलीची तार' असे म्हटले जाऊ लागले. यादवी युद्धाच्या काळात निरक्षर कृष्णवर्णीय गुलामांना देशातील घडामोडी याच मार्गाने कळत, अशी नोंद बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 'अप फ्रॉम स्लेव्हरी' (१९०१) या आत्मचरित्रात केली आहे. मराठीतील 'कर्णोपकर्णी' हा शब्द या अर्थाच्या अगदी जवळ जातो.

नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग या जोडीने १९६६ मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी हे गाणे रचले. मिरॅकल्स या गटाने ते प्रथम ध्वनिमुद्रित केले. १९६७ मध्ये ते गे यांच्या आवाजात मुद्रित झाले; परंतु कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी यांना ते पसंत पडले नाही. त्याच वर्षी ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांनी गायिलेली द्रुत लयीतील आवृत्ती बाजारात आली आणि ती लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. गे यांचे गाणे १९६८ मध्ये अल्बममध्ये समाविष्ट झाले. रेडिओवर ते वाजू लागताच मागणी वाढली आणि कंपनीला ते स्वतंत्रपणे प्रकाशित करावे लागले. डिसेंबर १९६८ पासून सलग सात आठवडे ते अग्रस्थानी राहिले.

शब्द जवळपास तेच. तरीही परिणाम भिन्न. नाइट यांच्या आवाजात जाब विचारणारी करारी स्त्री भेटते. गे यांच्या गाण्यात लय संथ होते, इलेक्ट्रिक पियानोचे दबके स्वर कुजबुजीसारखे ऐकू येतात. व्हिटफील्ड यांनी गे यांना नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गायला लावले. त्यामुळे आवाजावर पडणारा ताण हा नायकाच्याच मनावरचा ताण वाटू लागतो.

गाण्याचे मर्म येथेच आहे. कानावर आलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, हा व्यवहारी सल्ला नायकाला ठाऊक आहे. तरीही तो त्या बातमीवर विश्वास ठेवतो. प्रेयसी संपूर्ण गाण्यात एक शब्दही बोलत नाही. त्यामुळे बातमी खरी की खोटी, याचा निर्णय श्रोत्यालाही करता येत नाही. हे तू स्वतः मला का सांगितले नाहीस, हा नायकाचा खरा आक्षेप आहे. प्रेम संपल्याच्या दुःखापेक्षा, ते संपल्याचे आपल्याला सर्वांत शेवटी कळले, हा अपमान त्याला अधिक जिव्हारी लागतो. ती निघून जाण्यापूर्वीच दोघांमधला संवाद तुटलेला आहे. हा खरा विश्वासघात आहे आणि त्याला अफवेच्या खरेपणाची गरज नाही.